इंग्रजीतील कारणदर्शक रचना

इंग्रजीतील कारणदर्शक रचना म्हणजे एखादी घटना का घडली, एखादी कृती कोणी का केली किंवा एखादे विधान कशाच्या आधारावर केले, हे सांगण्यासाठी इंग्रजी भाषेत वापरली जाणारी अव्यये, नामे, क्रियापदे आणि वाक्यरचना होत. 'बिकॉज', 'सिन्स', 'ॲज' आणि 'फॉर' ही त्यांतील प्रमुख उभयान्वयी अव्यये. 'बिकॉज ऑफ', 'ड्यू टू', 'ओइंग टू' ही नामाआधी येणारी अव्यये. तर 'कॉज', 'लीड टू', 'रिझल्ट इन' ही क्रियापदे होत. शालेय व्याकरणात हे शब्द बहुधा समानार्थी म्हणून एका ओळीत दिले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत. एकाच्या जागी दुसरा आला असता वाक्य कधी अशुद्ध होते, कधी त्याचा अर्थ पालटतो. कायद्यात आणि आरोग्यविषयक इशाऱ्यांत तर उत्तरदायित्व कोणाचे, हेही या शब्दांवरून ठरते.

## कारणाचे तीन प्रकार

मराठीतील 'कारण' हा शब्द तीन कामे करतो. 'आगीचे कारण' यात तो घटना घडविणारी गोष्ट दाखवितो. 'राजीनाम्याचे कारण' यात तो माणसाच्या मनातील हेतू किंवा विचार दाखवितो. आणि 'तो आला नाही, कारण तो आजारी होता' यात तो दोन वाक्ये जोडतो. इंग्रजीत या तीन कामांसाठी अनुक्रमे 'कॉज', 'रीझन' आणि 'बिकॉज' असे तीन वेगळे शब्द आहेत. 'कॉज'नंतर 'ऑफ' येते ('द कॉज ऑफ द फायर'), तर 'रीझन'नंतर 'फॉर' ('द रीझन फॉर हिज रेझिग्नेशन'). 'रीझन ऑफ' ही मराठी षष्ठीच्या वळणाने होणारी सर्वपरिचित चूक आहे. दरड कोसळण्याला 'कॉज' असते. दरडीला मन नसल्यामुळे कोसळण्यामागे तिचे स्वतःचे 'रीझन' असू शकत नाही. अपघाताच्या चौकशीत 'कॉज' शोधले जाते आणि चालकाला विचारले जाते ते 'रीझन'.

'बिकॉज' मात्र या दोहोंना पुरते आणि त्यापलीकडे आणखी एक काम करते. 'द रोड इज वेट बिकॉज इट रेन्ड' (पाऊस पडल्यामुळे रस्ता ओला आहे) यात घटनेचे कारण आहे. 'शी लेफ्ट अर्ली बिकॉज शी वॉन्टेड टु कॅच द ट्रेन' (गाडी पकडायची असल्यामुळे ती लवकर निघाली) यात कृतीमागील हेतू आहे. परंतु 'इट मस्ट हॅव रेन्ड, बिकॉज द रोड इज वेट' (पाऊस पडला असावा, कारण रस्ता ओला आहे) या वाक्यात ओला रस्ता हे पावसाचे कारण नव्हे; पाऊस पडला असे म्हणण्याचा तो आधार आहे. याहीपुढे, 'आर यू फ्री टुमॉरो? बिकॉज आय नीड सम हेल्प' (उद्या मोकळा आहेस का? म्हणजे मला थोडी मदत हवी आहे) यात 'बिकॉज'नंतर येते ते प्रश्न विचारण्यामागील कारण होय. इव्ह स्वीटसर या भाषावैज्ञानिक विदुषीने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'बिकॉज'चे आशय, अनुमान आणि उक्ती अशा तीन पातळ्यांवरील उपयोग वेगळे करून दाखविले, आणि नंतरच्या बहुतेक चर्चेने ही विभागणी गृहीत धरली. सर्वच भाषा हे सारे एका शब्दावर लादत नाहीत. फ्रेंचमध्ये घटनेचे नवे कारण सांगताना 'पार्स क' आणि श्रोत्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचा आधार घेताना 'प्युइस्क' वापरतात. डच भाषेतही 'ओमदात' आणि 'वांत' असा भेद आहे.

## शब्दांचा उगम

'बिकॉज' हा शब्द 'बाय' आणि 'कॉज' या दोन शब्दांचा जोड आहे. चौदाव्या शतकातील इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधील 'पार कॉझ' या प्रयोगाच्या धर्तीवर तो रूढ झाला आणि प्रारंभी तो 'बाय कॉज दॅट' असा सुटाही लिहिला जाई. त्यातील 'कॉज' मूळच्या लॅटिन 'कौझा' या शब्दापासून आला असून त्या शब्दाला कारण या अर्थाबरोबर खटला असाही अर्थ होता. भारतीय न्यायालयांत दररोज लागणाऱ्या प्रकरणांच्या यादीला आजही 'कॉज लिस्ट' म्हणतात, ती त्या दुसऱ्या अर्थाची खूण होय.

'बिकॉज' येण्यापूर्वी हे काम मुख्यतः 'फॉर' आणि त्याचे जोडशब्द करीत. 'व्हाय' हे 'व्हॉट' या सर्वनामाच्या प्राचीन तृतीया विभक्तीचे रूप आहे. म्हणजे त्याचा मूळ अर्थ 'कशाने' असा होतो. 'सिन्स'चे मूळ 'त्यानंतर' असा अर्थ असलेल्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. जे आधी घडले तेच पुढच्याचे कारण, अशी मनाची धाव त्या अर्थांतरामागे दिसते. मराठीत 'तेव्हा' हे कालवाचक अव्यय 'उशीर झाला आहे, तेव्हा निघू या' अशा वाक्यात परिणामबोधक होते, ते याच वाटेने. 'ॲज' हे 'ऑल्सो'चेच झिजलेले रूप असून त्याचा मूळ अर्थ 'अगदी तसे' असा आहे.

'बिकॉज'चा अर्थ नेहमी आजच्याइतका निश्चित नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकांत ते 'अमुक व्हावे म्हणून' अशा उद्देशाच्या अर्थानेही वापरले जाई. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, दोन आंधळ्यांनी गप्प राहावे म्हणून जमाव त्यांना दटावतो, त्या ठिकाणी 'बिकॉज' हाच शब्द आहे. पुढे उद्देशाचे काम 'सो दॅट' आणि 'इन ऑर्डर दॅट' यांच्याकडे गेले.

## बिकॉज, सिन्स, ॲज आणि फॉर

या चार शब्दांतील भेद ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे 'व्हाय' या प्रश्नाचे उत्तर. 'व्हाय आर यू लेट?' याला 'बिकॉज द बस ब्रोक डाऊन' हे उत्तर चालते. 'सिन्स द बस ब्रोक डाऊन' किंवा 'फॉर द बस ब्रोक डाऊन' हे चालत नाही. ज्या कारणाची श्रोत्याला माहिती नाही आणि जे सांगणे हाच वाक्याचा हेतू आहे, ते 'बिकॉज' सांगते. त्यामुळे 'ओन्ली बिकॉज', 'पार्टली बिकॉज', 'इट इज बिकॉज ... दॅट' असे जोर देणारे किंवा मर्यादा घालणारे प्रयोगही त्याच्याबरोबरच होतात. 'ओन्ली सिन्स' असा प्रयोग केला, तर त्याचा अर्थ लगेच काळाकडे वळतो.

'सिन्स' आणि 'ॲज' ही अव्यये सर्वांना मान्य असलेली गोष्ट पुढे ठेवून तिच्यावरून निष्कर्ष काढतात. 'सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन' (तुम्ही आलाच आहात, तर सुरू करू या) या वाक्यात श्रोत्याचे येणे ही बातमी नव्हे. मराठीतील 'ज्याअर्थी' किंवा 'च ... तर' ही वळणे येथे 'कारण'पेक्षा जवळची पडतात. याच स्वभावामुळे 'सिन्स' आणि 'ॲज' यांची उपवाक्ये बहुधा मुख्य वाक्याआधी येतात, तर 'बिकॉज'चे उपवाक्य बहुधा नंतर येते. ही प्रवृत्ती आहे, नियम नव्हे. 'बिकॉज'ने वाक्याचा आरंभ करू नये, असे इंग्रजी शाळांत पिढ्यान् पिढ्या बजावले जाते. त्याला व्याकरणाचा आधार नाही. केवळ 'बिकॉज'चे उपवाक्य लिहून मुख्य वाक्य विसरणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांनी घातलेले ते कुंपण आहे.

दोन्ही शब्दांना संदिग्धतेचा दोष आहे. 'सिन्स ही लेफ्ट द टाऊन, बिझनेस हॅज डिक्लाइन्ड' या वाक्यावरून तो गाव सोडून गेल्यापासून धंदा बसला की तो गेल्यामुळे बसला, हे कळत नाही. 'ॲज' तर काळ, रीत आणि कारण अशा तिन्ही बाजूंना ओढले जाते: 'ॲज शी वॉज लीव्हिंग, आय लॉक्ड द डोअर' यात ती निघत असताना दार लावले की ती निघत होती म्हणून लावले, असा प्रश्न उरतो. काही शैलीपुस्तिका वैज्ञानिक आणि कायदेशीर लेखनात कारणासाठी 'बिकॉज'च वापरण्याचा सल्ला देतात, तो यामुळे.

'फॉर' हे उभयान्वयी अव्यय आज मुख्यतः ग्रांथिक आहे. त्याचे उपवाक्य कधीही मुख्य वाक्याआधी येत नाही आणि ते कारणापेक्षा खुलासा देते; आधी केलेल्या विधानाला मागाहून जोडलेला आधार, असे त्याचे स्वरूप असते. बोलण्यात ते जवळजवळ लोपले आहे. 'सीइंग दॅट', 'गिव्हन दॅट', 'नाऊ दॅट' आणि कायद्याच्या भाषेतील 'इन्ॲझमच ॲज' हे 'सिन्स'च्या कुळातले प्रयोग होत.

## नकार आणि स्वल्पविराम

नकारार्थी वाक्यानंतर 'बिकॉज' आले की इंग्रजीत एक प्रसिद्ध पेच निर्माण होतो. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अँग्री' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक: त्याने राजीनामा दिला नाही, आणि न देण्याचे कारण त्याचा राग. दुसरा: त्याने राजीनामा दिला, पण तो रागामुळे नव्हे, कारण वेगळेच होते. पहिल्या अर्थात 'नॉट' केवळ राजीनाम्याला लागते, दुसऱ्यात ते कारणाला लागते. एका वाचनात राजीनामा घडलाच नाही आणि दुसऱ्यात तो घडून गेला आहे, इतके हे अंतर मोठे आहे.

बोलताना आवाजाच्या चढउताराने हा पेच सुटतो. लिहिताना पहिल्या अर्थासाठी 'बिकॉज'पूर्वी स्वल्पविराम देण्याची प्रथा आहे. एरवी, कारण हेच वाक्याचे सार असेल तर स्वल्पविराम देत नाहीत. 'बिकॉज' अनुमानाचा आधार सांगत असेल तर देतात. तथापि एवढ्या मोठ्या अर्थभेदाचा भार एका स्वल्पविरामावर टाकणे धोक्याचे असते. कारणाचे उपवाक्य आधी आणणे ('बिकॉज ही वॉज अँग्री, ही डिड नॉट रिझाइन') किंवा वाक्य पूर्णपणे बदलणे अधिक सुरक्षित ठरते. मराठीत हा पेच सहसा पडत नाही, कारण 'तो रागावला होता म्हणून त्याने राजीनामा दिला नाही' आणि 'त्याने राजीनामा दिला तो रागामुळे नव्हे' या दोन वाक्यांत नकाराची जागाच वेगळी असते.

## नामाआधीची अव्यये

वाक्याऐवजी नाम जोडायचे असेल तेव्हा 'बिकॉज ऑफ' येते: 'बिकॉज इट रेन्ड', पण 'बिकॉज ऑफ द रेन'. 'ऑन अकाउंट ऑफ' आणि 'ओइंग टू' हे त्याचेच अधिक औपचारिक पर्याय आहेत. 'थँक्स टू'मध्ये कृतज्ञता असते, आणि उपरोधाने वापरले असता तिचे उलटे; मराठीतील 'तुमच्या कृपेने'ची गत काही वेगळी नाही.

सर्वाधिक वाद 'ड्यू टू'ने ओढवून घेतला आहे. 'ड्यू' हे मुळात विशेषण असल्यामुळे त्याला नामाचा आधार हवा, असे परंपरावादी मानतात. 'द डिले वॉज ड्यू टू फॉग' (उशीर धुक्यामुळे होता) हे त्यांच्या मते शुद्ध, कारण 'ड्यू' येथे 'डिले'चे विधेय आहे. 'द ट्रेन वॉज लेट ड्यू टू फॉग' हे अशुद्ध, कारण गाडी धुक्याला 'ड्यू' नसते. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी शब्दोपयोगाच्या कोशात दुसऱ्या प्रकाराची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. गंमत अशी की 'ओइंग टू'ही मूळचे क्रियापदाचेच रूप असून तेही याच मार्गाने अव्यय बनले होते. त्याला मात्र कोणी हटकले नाही. आज 'ड्यू टू'चा दुसरा प्रयोग सर्वत्र आढळतो आणि बहुतेक कोश तो मान्य करतात. परीक्षार्थीने जुना नियम ठाऊक ठेवावा, एवढेच त्याचे महत्त्व उरले आहे. 'द रीझन इज बिकॉज' या प्रयोगावरील आक्षेपही याच जातीचा आहे. तो द्विरुक्त आहे हे खरे, पण मान्यवर लेखकांच्या लेखनात तो शतकानुशतके येत राहिला आहे. औपचारिक लेखनात 'द रीझन इज दॅट' श्रेयस्कर समजतात.

साध्या अव्ययांत कारणाच्या सूक्ष्म छटा दडलेल्या असतात. 'आऊट ऑफ पिटी' (दयेपोटी) यात कृतीमागील भावना असते; 'शिव्हर विथ कोल्ड' (थंडीने कुडकुडणे) यात शरीरावरचा परिणाम; 'थ्रू निग्लिजन्स' (निष्काळजीपणातून) यात दोष; 'फॉर वॉन्ट ऑफ मनी' (पैशाअभावी) यात उणीव. मराठीतही 'पोटी', 'ने', 'तून' आणि 'अभावी' यांनी हीच वाटणी केली आहे, हे लक्षात घेतल्यास ही अव्यये पाठ करण्याचे ओझे बरेच हलके होते.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ साली संपादित केलेल्या केंब्रिजच्या इंग्रजी व्याकरणात 'बिकॉज'ला उभयान्वयी न मानता, ज्याच्यापुढे पूर्ण वाक्य येऊ शकते असे नामाआधीचे अव्ययच मानले आहे. हे मत अनेकांना टोकाचे वाटले. त्यानंतर काही वर्षांनी 'आय ॲम लेट बिकॉज ट्रॅफिक' असा, 'ऑफ' गाळून थेट नाम जोडणारा प्रयोग आंतरजालावर पसरला, आणि अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ सालचा शब्द म्हणून 'बिकॉज'चीच निवड केली. हा प्रयोग थट्टेखोर आणि अनौपचारिक आहे. कारण सांगितल्यासारखे करून स्पष्टीकरण टाळणे, ही त्याची मौज आहे.

## धातुसाधित रचना

कारण सांगण्यासाठी इंग्रजीत नेहमी अव्यय लागतेच असे नाही. 'बीइंग इल, ही स्टेड ॲट होम' (आजारी असल्याने तो घरी राहिला) किंवा 'हॅविंग लॉस्ट हर की, शी वेटेड आउटसाइड' (किल्ली हरवल्यामुळे ती बाहेर थांबली) यांत कारण धातुसाधिताने सूचित होते. अट एवढीच, की धातुसाधिताचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा. 'बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड' यात जणू बँकच रविवार ठरते. 'इट बीइंग संडे' असे लिहिले की दोष जातो. मराठीत 'रविवार असल्याने बँक बंद होती' हे निर्दोष असल्यामुळे मराठी भाषकांच्या इंग्रजीत हा दोष सहज शिरतो.

## मराठीशी तुलना

मराठी व्याकरणाच्या परंपरागत विभागणीत 'म्हणून', 'सबब', 'यास्तव' ही परिणामबोधक अव्यये प्रधानत्वसूचक गटात आणि 'कारण', 'का की' ही कारणबोधक अव्यये गौणत्वसूचक गटात येतात. 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय करणवाचक समजले जाते. मराठी वाक्याचा स्वाभाविक ओघ कारणाकडून परिणामाकडे जातो: 'पाऊस पडला म्हणून आम्ही थांबलो.' इंग्रजीचा ओघ बहुधा उलट, परिणामाकडून कारणाकडे असतो: 'वी स्टॉप्ड बिकॉज इट रेन्ड.' त्यामुळे मराठीतून भाषांतर करताना 'बिकॉज' चुकीच्या बाजूला चिकटण्याचा संभव असतो. 'दॅट्स व्हाय' आणि 'दॅट्स बिकॉज' यांची अदलाबदल ही त्याचीच परिणती. 'ही वॉज टायर्ड. दॅट्स व्हाय ही स्लेप्ट' यात 'व्हाय'नंतर परिणाम येतो, 'ही स्लेप्ट. दॅट्स बिकॉज ही वॉज टायर्ड' यात 'बिकॉज'नंतर कारण येते.

'म्हणून' हा शब्द कारण आणि उद्देश या दोन्हींसाठी चालतो, ही आणखी एक अडचण. 'परीक्षा जवळ आली म्हणून तो अभ्यास करतो' यात कारण आहे आणि 'उत्तीर्ण व्हावे म्हणून तो अभ्यास करतो' यात उद्देश. भेद दाखविण्याचे काम क्रियापदाचा विध्यर्थ करतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बिकॉज' आणि दुसऱ्यासाठी 'सो दॅट' किंवा 'इन ऑर्डर टु' हे वेगळे शब्दच घ्यावे लागतात.

मराठीत 'ज्याअर्थी ... त्याअर्थी' अशी अव्ययांची जोडी रूढ आहे; संस्कृतात 'यस्मात् ... तस्मात्' अशी होती. इंग्रजीत मात्र कारण किंवा परिणाम यांपैकी एकाच बाजूला खूण करायची असते. 'ॲज इट वॉज रेनिंग, सो वी स्टॉप्ड' या भारतात वारंवार ऐकू येणाऱ्या वाक्यात दोन्ही बाजूंना खूण झाली आहे. 'ॲज' किंवा 'सो' यांपैकी एक काढून टाकले की वाक्य शुद्ध होते. या नियमाला औपचारिक भाषेत एक सन्माननीय अपवाद आहे. शासकीय अधिसूचनांत 'व्हेअरॲज ... नाऊ, देअरफोर' अशी जोडी येते, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील मराठी अधिसूचनांत तिच्या जागी 'ज्याअर्थी ... त्याअर्थी' हीच जोडी असते.

## कारणवाचक क्रियापदे

'लीड टू' आणि 'रिझल्ट इन' यांचा कर्ता कारण असते, तर 'रिझल्ट फ्रॉम' आणि 'स्टेम फ्रॉम' यांचा कर्ता परिणाम असतो. 'कॉज' हे क्रियापद दिसायला तटस्थ असले, तरी त्याच्यामागून बहुधा अनिष्ट गोष्टीच येतात: हानी, वेदना, मृत्यू, गोंधळ. मायकेल स्टब्ज यांनी १९९५ साली मोठ्या लेखनसंग्रहांच्या आधारे ही प्रवृत्ती दाखवून दिली. यशाला किंवा आनंदाला 'कॉज' जोडले तर वाक्य व्याकरणशुद्ध असूनही कानाला खटकते. तेथे 'ब्रिंग' किंवा 'ब्रिंग अबाउट' बरे.

हे क्रियापद वापरणे म्हणजे ठाम विधान करणे होय, आणि ते किती ठाम, हे सिगारेटच्या पाकिटांवरील अमेरिकी इशाऱ्यांच्या इतिहासात दिसते. ११ जानेवारी १९६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या समितीच्या अहवालात, केवळ संबंध आढळणे आणि कारण असणे यांतील फरकाची चर्चा करून, धूम्रपान आणि पुरुषांमधील फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध कार्यकारणाचा असल्याचे म्हटले होते. तरीही १९६५ च्या कायद्याने पाकिटावर आलेल्या मजकुरात 'मे बी हॅझर्डस' (अपायकारक असू शकते) एवढेच होते. १९७० च्या कायद्यानंतर 'इज डेंजरस' (धोकादायक आहे) आले. १९८४ च्या कायद्याने ठरविलेल्या चार इशाऱ्यांपैकी एकात 'स्मोकिंग कॉझेस लंग कॅन्सर' असे थेट क्रियापद अवतरले. 'असू शकते'पासून 'आहे', आणि तेथून 'घडविते' येथवर येण्यास अहवालानंतर वीस वर्षे लागली. भारतातील तंबाखूच्या वेष्टनांवरही आता 'कॉझेस' हे क्रियापद आढळते.

## कायद्यातील अर्थ

'बिकॉज ऑफ' या दोन शब्दांवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अनेक खटले लढले गेले आहेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ यांच्या 'बिकॉज ऑफ' नोकरीत भेदभाव करणे बेकायदा ठरविले. १९६७ च्या दुसऱ्या कायद्याने वयासाठी हेच शब्द योजले. प्रश्न असा, की नोकरीवरून काढण्यामागे अनेक कारणे असतील, तर त्यांपैकी एकच निषिद्ध असणे पुरेसे आहे काय? १९८९ च्या प्राइस वॉटरहाऊस विरुद्ध हॉपकिन्स या निकालात लिंग हा निर्णयाला प्रवृत्त करणारा घटक होता असे दिसल्यास, तरीही निर्णय तोच झाला असता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकण्यात आला. २००९ च्या ग्रॉस विरुद्ध एफबीएल फायनान्शियल या वयविषयक खटल्यात मात्र न्यायालयाने शब्दकोशांचा आधार घेऊन वेगळा अर्थ लावला: वय नसते तर हा निर्णय झालाच नसता, असे कर्मचाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे. शब्द तेच राहिले आणि पुराव्याचा भार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला.

'ते नसते तर हे झाले नसते' ही कसोटी पुढे 'रिझल्ट्स फ्रॉम' या शब्दांनाही लावण्यात आली. २०१४ च्या बरेज विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात, विकलेल्या अमली पदार्थामुळे मृत्यू ओढवल्यास किमान वीस वर्षांची शिक्षा देणारे कलम लागू होते की नाही, हा प्रश्न होता. मृताने अनेक पदार्थ घेतले होते आणि हेरॉइन नसते तर तो वाचला असता, असे तज्ज्ञांना सांगता आले नाही. न्यायालयाने मृत्यूमुळे वाढलेली ती शिक्षा टिकू दिली नाही. येथे ही कसोटी आरोपीच्या उपयोगी पडली. २०२० च्या बॉस्टॉक विरुद्ध क्लेटन काउंटी या निकालात तीच कसोटी कर्मचाऱ्यांच्या बाजूने गेली. पुरुषाबद्दल आकर्षण असलेल्या पुरुषाला काढून टाकणारा मालक, तेच आकर्षण असलेल्या स्त्रीला काढत नसेल, तर लिंग बदलताच परिणाम बदलतो. म्हणून तो निर्णय 'बिकॉज ऑफ सेक्स' ठरतो, असे न्यायमूर्ती नील गोरसच यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताच्या निकालपत्रात म्हटले. एका घटनेला अशी अनेक कारणे एकाच वेळी असू शकतात, आणि कायद्यात 'सोलली' (केवळ) हा शब्द नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

तो शब्द भारताच्या संविधानात आहे. अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये 'ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ' अशी रचना असून मराठी पाठात तेथे 'केवळ' येते. १९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात हवाई सुंदरींच्या सेवाशर्तींचा विचार करताना, भेदभाव केवळ लिंगामुळे असेल तरच हे अनुच्छेद लागू होतात, लिंगाबरोबर अन्य बाबी असतील तर नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला. पहिल्या गरोदरपणी सेवा संपविणारी अट न्यायालयाने रद्द केली, परंतु ती मनमानी ठरवून. २०१८ च्या नवतेज सिंह जोहर खटल्यातील आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी 'ओन्ली'चा हा अर्थ नाकारला. लिंगावर आधारित भेदभाव सामाजिक संदर्भापासून, म्हणजे स्त्री आणि पुरुष यांनी कसे वागावे याविषयीच्या रूढ कल्पनांपासून तोडून पाहता येत नाही. तसे पाहिल्यास संविधानाने दिलेले संरक्षण निरर्थक होते, असे त्यांनी म्हटले.